बोलिंगच्या शाखेसाठी जुन्नर-आंबेगावात चार दिवस

जुन्नरला लोक शिवनेरी बघायला जातात, लेण्याद्रीला जातात. आम्ही गेलो ते एका पोत्यात नऊ लाकडी पिना आणि एक लाकडी चेंडू घेऊन. का, ते आधी सांगते.

आमचे हे पुण्यात एका छापखान्यात जुळारी आहेत. दिवसभर अंधाऱ्या खोलीत उभं राहून अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे. मी घरी शिवणकाम करते. कॅम्पातले एक गृहस्थ प्रदर्शनांमधून ‘बोलिंग’ नावाचा खेळ लावतात. लांब फळीवरून चेंडू घरंगळत सोडायचा आणि टोकाच्या नऊ पिना पाडायच्या. गोऱ्या साहेबांच्या क्लबात पाहून त्यांनी तो उचलला. आता ते तालुक्या-तालुक्याला शाखा देतात. यांनी जुन्नर-आंबेगावची शाखा घ्यायचं मनावर घेतलं आणि एका संध्याकाळी कराराचा कच्चा कागद माझ्यापुढे ठेवला.

अनामत अडीचशे रुपये. पिना, दोन चेंडू आणि फळ्यांचा संच एकशे साठ. त्या गृहस्थांच्या, म्हणजे मालकांच्या, नावाची पाटी पंधरा. एकूण चारशे पंचवीस. जागा सपाट हवी, चाळीस फूट लांब. परवाना आपला आपण काढायचा. पिना उभ्या करायला एक माणूस, पैसे घ्यायला एक. आमची पोस्टातली शिल्लक अडीचशे होती. बाकीचे पावणेदोनशे कुठून येणार, हे यांनी सांगितलं नाही. माझ्या शिवणाच्या मशीनकडे मात्र दोनदा बघितलं.

“आधी मुलूख बघून येऊ,” मी म्हटलं. मालकांनी दहा रुपये ठेवून घेऊन नमुन्याचा संच दिला, आणि याची नक्कल करणार नाही अशी चिठ्ठी यांच्याकडून लिहून घेतली. सोमवारपर्यंत होय किंवा नाही कळवायचं होतं.

गुरुवारी सकाळच्या एसटीने निघालो. माणशी पावणेतीन रुपये पडले, आणि पोत्याचे सहा आणे वेगळे. चाकण, खेड, मंचर, नारायणगाव असा रस्ता. खेडपर्यंत बरा आहे, पुढे धूळ एवढी की मंचरला उतरलो तेव्हा यांच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. तुम्ही जाणार असाल तर डोक्याला बांधायला फडकं जवळ ठेवा आणि मागच्या चाकावरची जागा टाळा. शेजारच्या बाईंनी पोतं चाचपून विचारलं, “लाटणी इकायला चाललाय व्हय?” हे उत्साहाने सगळा खेळ सांगायला लागले. बाई नारायणगावपर्यंत ऐकत होत्या. उतरताना मला म्हणाल्या, “मालक लई बोलके हायेत तुमचे.” घरी यांचा आवाज दिवसाला दहा वाक्यांपुरता असतो. 

जुन्नरला धर्मशाळेत उतरलो. पथारी आपली न्यावी. बाजारपेठेजवळच्या खानावळीत दहा आण्यांत बाजरीची भाकरी आणि मासवडी मिळाली. मासवडी म्हणजे आत तीळ-खोबऱ्याचं सारण भरलेली बेसनाची वडी, तिखट रश्शात बुडवून खायची. नावात मासा असला तरी ताटात नसतो, तेव्हा शाकाहारी माणसाने बिचकू नये. मी दोनदा रस्सा मागितला.

शुक्रवारी कचेरीत गेलो. अव्वल कारकुनांनी शांतपणे ऐकून घेतलं. तिकीट लावलं की करमणूक कर आला. बक्षीस लावलं तर तो जुगार धरला जाईल, तेव्हा बक्षीस नाही. पिंपळवंडीला रविवारी एक दिवस खेळ लावायची परवानगी त्यांनी अर्जावर दिली. बाहेर आल्यावर हे म्हणाले, “बक्षीस कशाला हवं? खेळायची मजा असतेच की.” मी मनात म्हटलं, बघू.

तिथून खरादीच्या गल्लीत शिरलो. लतीफभाई म्हणून वयस्कर कारागीर आहेत. पाळण्याचे खांब आणि बाजेचे पाय खरादावर धरून गोल करतात. यांनी एक पीन त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती नखाने वाजवली, वास घेतला.

“ताई, ह्ये आंब्याचं लाकूड हाय,” ते यांना सोडून मला म्हणाले. “दोन जत्रा काढंल. तिसरीला चीर पडंल. बाभळीचा संच मी पंचवीस रुपयांत करून दीन.”

यांनी नकारार्थी मान हलवली. करारात होतं, संच मालकांकडूनच घ्यायचा, मोडला तरी नवा त्यांच्याचकडून. शिवाय चिठ्ठी लिहून दिली होती. यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. तो एक गुण पाहून माझ्या वडिलांनी मला यांना दिली.

“मंग राहू द्या,” लतीफभाई म्हणाले आणि चहा मागवला. पैसे देऊ दिले नाहीत.

शनिवारी बैलगाडीने डिंगोऱ्याला. गाडीवाल्याने दीड रुपया घेतला आणि वाटेत आपल्या दोन पाहुण्यांनाही बसवून घेतलं. डिंगोऱ्यात धोंडिबा म्हणून पूर्वी मेंढरं राखणारे, आता शेती करणारे म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांच्या खळ्यावर आम्ही मांडामांड केली. मळणी आटोपलेली होती. शेणाने सारवलेलं कडक, सपाट खळं पाहून हे इतके खूश झाले की फळ्यांचा खर्चच वाचला म्हणाले. फुकट खेळून बघा म्हटल्यावर पंधरा-वीस माणसं जमली.

यांनी नियम सांगितले. एकाने टाकायचं, पडलेल्या मोजायच्या, मग दुसऱ्याने टाकायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि आपणहून दोन बाजू पाडून घेतल्या. तिथेच मला शंका आली होती. धोंडिबांच्या थोरल्या मुलाने चेंडू सोडला. आठ पिना आडव्या. लगेच त्याच्या बाजूची पाच माणसं धावली आणि पिना उभ्या करायला लागली. दुसऱ्या बाजूच्या एकाने चेंडू उचलून त्यांच्या पाठीवर नेम धरला. ते लगोरी खेळत होते.

“अहो, थांबा, तो लाकडी आहे,” हे ओरडत मध्ये पडले. चेंडू सुटलाच होता. नशिबाने तो कुणाच्या पाठीत न बसता एका पिनेवर आपटला. पिनेला उभी चीर गेली. कुणी हसलं नाही, कुणी घाबरलंही नाही. धोंडिबांच्या सूनबाई आत गेल्या आणि चिंध्यांचा चेंडू घेऊन आल्या. लाकडी चेंडू त्यांनी उचलून ओट्यावर ठेवला.

मग जो खेळ झाला तसा मी कॅम्पात पाहिला नाही. म्हातारी माणसंसुद्धा चेंडू चुकवत पिना रचत होती. धोंडिबा एकदा वाकले, पाठीत चेंडू खाल्ला, आणि शेवटची पीन उभी करूनच उठले. हे तोंडभरून हसत गुण मोजत होते. मी सूनबाईंना विचारलं, जत्रेत असा खेळ लावला तर एक आणा द्याल का?

“कशापायी वयनी? रचायचं आमी, पळायचं आमी, आन पैसं तुमाला?” त्यांनी अगदी मनापासून विचारलं. 

रात्री त्यांच्याकडेच राहिलो. दुसऱ्या दिवशी गाडी, चालणं आणि मग एका ट्रकची मेहेरबानी, असं करत पिंपळवंडीला पोचायला दुपार झाली. देवळासमोरच्या पटांगणात परवानगीचा कागद लावून खेळ मांडला. या वेळी करारातल्यासारखा. कुणी पुढे धावू नये म्हणून मध्ये दोरी, तीन फेकींना एक आणा, पिना उभ्या करायला हे, पैसे घ्यायला मी. माणसं यायची, एकदा खेळायची, विचारायची, “पाडल्यावर काय मिळतंय?” काही मिळत नाही म्हटल्यावर “बरं हाय” म्हणून पुढे जायची. सूर्य मावळेपर्यंत एक रुपया बारा आणे जमले. हे दीडशे वेळा तरी वाकले असतील. तरी प्रत्येकाला “या पाव्हणं, लावा नेम” म्हणत होते. लग्नाला नऊ वर्षं झाली, मी त्यांना अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात ठेवताना पहिल्यांदा पाहिलं.

सोमवारी नारायणगावहून परतीची एसटी पकडली. मंचरला गाडी अर्धा तास थांबते. तिथे शेव-भजी चांगली मिळतात, चहा मात्र पाणचट. बाकावर बसल्यावर हे म्हणाले, “तुला काय वाटतं, सांग.”

“तुमचं आधी सांगा.”

“मला करायचंय,” ते म्हणाले. “नियम थोडे बदलू. लगोरीसारखा करू, वर बघणाऱ्यांचीही करमणूक होईल बघ.”

मी पिशवीतून करार काढून वाचून दाखवला. नियम बदलायचे नाहीत. संच बाहेरून घ्यायचा नाही. आणि दरमहा वीस रुपये मालकांना, खेळ लागो वा न लागो. इकडे जत्रा उन्हाळ्यापुरत्या. पावसाळ्यात लोक शेतात असतात, आम्ही कुणापुढे पिना मांडणार? पंच्याऐंशी रुपयांची नोकरी सोडून हे जमायचं नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. करार, पावसाळा आणि पगार, अशी तीन कारणं, तिन्ही खरी.

त्यांनी कपातला चहा संपवला. मग विचारलं, “मशीन जाईल म्हणून तर नाही ना म्हणत?”

“नाही हो,” मी म्हटलं.

तुम्हाला अशी एखादी शाखा घ्यायची असेल तर माझं सांगणं एवढंच, की करार घरात बसून वाचू नका. ज्या गावात खेळ मांडणार त्या गावात जाऊन वाचा. आम्हाला जाण्यायेण्यासकट एकोणीस रुपये लागले आणि चारशे पंचवीस वाचले. मालकांनी चिरलेल्या पिनेचे दोन कापून आठ रुपये परत केले.

मंगळवारी हे वेळेवर छापखान्यात गेले. संध्याकाळी आले, नीट जेवले, आमटी चांगली झालीय म्हणाले. मी तयारीत होते. ते रुसतील, दोन दिवस बोलणार नाहीत, मग मी समजूत घालीन आणि त्या ओघात चौथं कारणही सांगून टाकीन, की हो, मशीनसाठीसुद्धा मी नाही म्हटलं होतं. ते रुसलेच नाहीत. मी मशीन पुढे ओढून शिवायला बसले, आणि ते दिवा माझ्या बाजूला सरकवून परत पेपर वाचायला लागले.