मामांच्या घोडीचा फोटो

सारंगखेड्याच्या माझ्या मामांकडे एक तांबडी घोडी होती. शिंगरू असताना यात्रेत घेतलेली. मूलबाळ नसलेल्या त्या घरात ती मोठी झाली. मागच्या थंडीत जनावरांचे डॉक्टर म्हणाले, तिचं हृदय थकलंय. तिच्यावर बसू नका; स्वतःहून पळाली तर पळू द्या.

त्या संध्याकाळी मामांचा फोन आला. "भाचा, ती पयस तवयना एक फोटो काढ. फोटोमा तिना डोया दिखाले जोयजे." पळतानाचा फोटो हवा होता, आणि त्यात तिचे डोळे दिसायला हवे होते.

शहाद्याला माझा स्टुडिओ आहे. पक्ष्यांच्या नादात मी एक जुनी तीनशेची लेन्स घेतली होती, दोन पॉइंट आठची, म्हणजे मोठ्या तोंडाची, उचलताना मनगट भरून येईल अशी जड. सोबत पोच दुप्पट करणारा कन्व्हर्टर. माणूस कॅमेरा घेऊन जवळ आला की ती घोडी कान मागे टाकून उभी राहायची. त्यामुळे लांबूनच फोटो काढावा लागणार होता.

पहिल्या दिवशी दुपारी तापीच्या वाळूत बसलो. कन्व्हर्टर लावला, जास्त उजेड यावा म्हणून लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवलं. घोडी थोडी धावलीही. घरी येऊन कॉम्प्युटरवर पाहिलं तर आयाळ, नाकपुड्या, सगळं कापसासारखं मऊ. डोळ्याच्या जागी एक काळा ठिपका.

"काय झायं?" मामांनी फोनवर विचारलं.

"पुन्हा येतो," एवढंच म्हणालो.

मग अंगणात तारेवर वर्तमानपत्र टांगून तपासत बसलो. कन्व्हर्टर लावला की फोकस किंचित अलीकडे पडत होता. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून तो दुरुस्त केला. लेन्सचं तोंड एक घर लहान केलं की अक्षरं उठून दिसत होती, पण दुपटीच्या कन्व्हर्टरने सकाळच्या उजेडात शटर फार हळू पडलं असतं आणि पळती घोडी पुसट आली असती. म्हणून तो ठेवून दिला आणि एका मित्राकडून लहान, पोच जेमतेम दीडपट करणारा एक पॉइंट चारचा आणला. दुपारी वाळूवरून उठणारी गरम हवाही चित्र हलवते, हे उशिरा ध्यानात आलं.

पुढच्या रविवारी सूर्य उगवता उगवता पोचलो. कॅमेऱ्याचा एकपायी मोनोपॉड वाळूत रोवला. मामा दूर काठाशी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी जिभेने टक्-टक् केलं. घोडीने मान वर केली. क्षणभर वाटलं, येणार नाही. मग ती निघाली, आधी चालत, मग दुडकी, आणि शेवटी चारही पाय जमिनीवरून सुटले. मी बटण दाबून धरलं. मामांपाशी पोचून ती धापा टाकू लागली. ते तिच्या गळ्यावरून हात फिरवत कितीतरी वेळ बोलत होते. काय, ते मला ऐकू आलं नाही.

होळीच्या आधी ती गेली. मामांनी तिला शेताच्या बांधाला पुरलं.

मी त्या फोटोची फ्रेम करून नेली. मामींना ती पुढच्या खोलीत लावायची होती. मामांना ती इतक्यात नको होती. "आते नको," ते म्हणाले. त्यांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. डोळ्याच्या पापणीचा केस न् केस दिसत होता.

"दिखस," ते म्हणाले, आणि फ्रेम चादरीत गुंडाळून कपाटात ठेवली.

पावसाळ्यात गेलो तेव्हा ती फ्रेम पुढच्या खोलीत होती. मामा जेवायला बसतात त्याच्या बरोबर समोर. खिळा त्यांनीच ठोकला, असं मामी म्हणाल्या.