एक कान उघडा

बँडमध्ये त्याला गडगड्या म्हणत. नाव ड्रमरने ठेवलं होतं. दुसऱ्याच्या आवाजाला नावं ठेवायचा ड्रमरला काय अधिकार, हे कोणी विचारलं नाही. स्टेजवर गडगड्याची जागा ठरलेली, ड्रमरच्या शेजारी, डावा कान झांजांच्या बरोबर समोर. पहिली काही वर्षं कार्यक्रम संपला की त्या कानात शिट्टी वाजायची आणि सकाळपर्यंत थांबायची. पुढे थांबेनाशी झाली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हा कान आता निम्म्याहून जास्त गेला, दुसरा तरी सांभाळा. त्याने ते फारसं मनावर घेतलं नाही. गवंड्याचे हात खरबरीत होतात, तसा गिटारवाल्याचा कान जातो, असं त्याचं साधं म्हणणं. माणसं बोलायला आली की तो त्यांना उजवीकडे बसवायचा आणि काम भागवायचा.

मग मुलगी झाली. तिला घरात ठकी म्हणायला लागले. हजारो लोकांसमोर डोळे मिटून वाजवणाऱ्या या माणसाला तिच्या झबल्याचे बंद बांधताना घाम फुटायचा. पण ती घरात आल्यापासून त्याला चाली सुचायला लागल्या, आणि त्यांतली एकही गडगडणारी नव्हती. बँडसमोर वाजवून दाखवल्या तेव्हा सगळ्यांनी सभ्यपणे माना डोलावल्या. बेसवाला म्हणाला, छान आहे, लोक निवांत झोपतील. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, निदान मनातलं बाहेर पडलं असतं. त्याने बँड सोडला आणि स्वतःचा, एकट्याचा अल्बम घरीच करायचा असं ठरवलं.

घरी, कारण बायकोची रजा संपत आली होती. ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट, आणि दुकानाने आणखी थांबायला नकार दिला होता. दोनच वाटा होत्या. एक तर दुपारभर ठकीला त्याने सांभाळायचं, नाही तर अल्बम होईपर्यंत तिला आजीकडे, बसने अर्धा दिवस लागतो त्या गावी ठेवायचं. ही आजी म्हणजे बायकोची आई, ती तर पदर खोचून तयारच होती. पण त्याने साफ नाही म्हटलं. त्याचा बाप लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा आणि तो स्वतः आत्याकडे वाढला होता. बाप म्हणजे दाराशी टेकवलेली बॅग, एवढंच त्याला आठवायचं. आपल्या पोरीला असा बाप मिळू नये यासाठी तो वाटेल ते करायला तयार होता, आणि ते त्याने बायकोला बोलूनही दाखवलं.

बायकोने मानलं, पण तिने एक अट घातली. "ती झोपली की खुशाल वाजव. पण हेडफोन घातलास की एक कान उघडा ठेवायचा. तो कान तिचा."

त्याने लगेच कबूल केलं, आणि अट अक्षरशः पाळलीही. हेडफोनची एक वाटी कानावर, दुसरी कानामागे सरकवलेली. चूक झाली ती इथेच, आणि ती त्याच्यासारख्या माणसाकडूनच होऊ शकते. वाजवायचं म्हटलं की उजवा कान, ही त्याची इतक्या वर्षांची सवय. तेव्हा उजव्या कानावर वाटी गेली आणि डावा उघडा राहिला. चांगला कान गिटारला आणि गेलेला पोरीला, अशी वाटणी होऊन बसली. त्याच्या ते ध्यानातही आलं नाही. बायको दुपारी दुकानात असायची, त्यामुळे तिनेही ते कधी पाहिलं नाही.

शिंप्याच्या दुकानावरच्या माडीत त्याच्या एका मित्राचा स्टुडिओ होता. हा रेकॉर्डिस्ट एकदा घरी येऊन सगळं मांडून गेला. खोलीत टाळी वाजव, पॅसेजमध्ये टाळी वाजव, असं करत तो बराच वेळ फिरला आणि मग त्याने दोन माइक लावले. एक गिटारच्या अगदी समोर. दुसरा बाहेर पॅसेजमध्ये, कारण तिथल्या फरशीमुळे आवाजाला चांगला घुमारा यायचा. पॅसेजच्या टोकाला ठकीची खोली होती.

एक गाणं सोडून बाकीची हळूहळू जमत होती. त्या एका गाण्यात दोन कडव्यांनंतर गिटारचा एकट्याचा लांब तुकडा होता आणि तोच हाती लागत नव्हता. बोटं जुन्या सवयीने पळत सुटायची, नको तिथे पराक्रम करायची. रोज वाजवायचा आणि रोज पुसून टाकायचा. बायको दुपारी चपला घालताना विचारायची, झालं का? तो मान हलवायचा. तिचं विचारणं आणि आजीचे फोन, दोन्ही वाढत चाललं होतं.

त्या दुपारी ठकी बाटलीभर दूध पिऊन, ढेकर देऊन शहाण्यासारखी झोपली. तो येऊन बसला. स्टुडिओत आधीच करून ठेवलेले ड्रम आणि बेस उजव्या कानात सुरू झाले. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं, आणि मग बोटांनी पळायचं सोडून दिलं. एकेक स्वर थांबून, ऐकून, पुढचा घेत ती चालत राहिली. संपलं तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि डोळे भरून आले होते. आयुष्यात असं एकदाच वाजतं हे त्याला लगेच कळलं.

जवळच्या माइकवरचं ऐकलं. स्वच्छ होतं. मग घुमारा कसा आलाय ते बघावं म्हणून त्याने पॅसेजच्या माइकवरचं लावलं.

त्यात ठकी रडत होती.

पहिल्या कडव्यात नुसती कुरकुर होती. दुसऱ्यात ती घसा फाडून रडत होती, मग आवाज बसला, हुंदक्यांमध्ये उचकी लागली. आणि त्याचा तो तुकडा सुरू होऊन थोडा पुढे गेला, तशी ती एकाएकी थांबली. खोकला नाही, कुरकुर नाही. गिटार तेवढी वाजत राहिली.

त्याने हेडफोन भिरकावून दिला. घरात काहीही आवाज नव्हता. पॅसेज ओलांडताना त्याचा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला आणि ते त्याला दुसऱ्या दिवशी दुखायला लागल्यावर कळलं. पाळण्यात ठकी कुशीवर वळून गजांना चिकटली होती. पांघरुणाचा बोळा तिच्या नाकाशी आला होता. त्याने तो ओढून काढला. ती श्वास घेत होती. चेहरा लाल, गालांवर पाणी सुकलेलं, आणि डोळे टक्क उघडे. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि मग भिंतीकडे पाहिलं.

तिला उचलून तो तिथेच जमिनीवर बसला. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला की आपण कोणता कान उघडा ठेवत होतो. आजवर किती दुपारी असं झालं असेल, हे शोधायला काही मार्ग नव्हता. न जमलेलं सगळं तो रोज पुसून टाकत आला होता.

संध्याकाळी बायकोने विचारलं, त्रास दिलास का गं ठके, बाबाला? तो म्हणाला, छान झोपली होती.

पुढचे काही दिवस त्याने हेडफोन उलटा घालून पाहिला. डाव्या कानात गिटार गोधडीत गुंडाळल्यासारखी यायची, सूर लागलाय की नाही हेही कळेना. तो तुकडा पुन्हा जमणं तर लांबच राहिलं. शेवटी त्याने सोपी गोष्ट केली. पॅसेजचा आवाज बंद केला, फक्त जवळच्या माइकवरचं रेकॉर्डिस्टला पाठवून दिलं. एक बटण दाबलं आणि ठकीचं रडणं गाण्यातून गेलं. कोणाला काही कळायचं कारण नव्हतं.

रेकॉर्डिस्टने फोन करून, हे खरंच तूच वाजवलंस का, असं पुन्हा पुन्हा विचारलं. सुट्टीच्या दिवशी बायकोनेही ऐकलं. ओट्याशी भांडी घासत होती, हात पुसून आली आणि उभ्यानेच दोनदा ऐकलं. मग म्हणाली, अगदी ठकीसारखं आहे हे, तिच्याकडे बघत वाजवलंस ना?

तो हो म्हणाला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. ठकी घरी राहिली असती, अल्बम निघाला असता, आजीचं तोंड बंद झालं असतं. खरं सांगितलं की पोर जाणार, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. पण बायकोच्या डोळ्यांतलं ते कौतुक त्याला सोसवेना. इतकी लाज त्याला स्टेजवर तार तुटल्यावरसुद्धा कधी वाटली नव्हती. त्याने तिला खुर्चीवर बसवलं, तिच्या डोक्यावर हेडफोन चढवला आणि पॅसेजचा माइक सुरू केला.

ती ऐकत असताना तो तिच्याकडे बघत उभा राहिला. रडणं वाढलं तशी ती खुर्चीतून अर्धवट उठली. ठकी समोरच गादीवर शांत झोपलेली होती, तरी उठली. मग हळूच खाली बसली. थोड्या वेळाने तिचे खांदे सैल झाले, सुटकेचा श्वास टाकत तिने एक वाटी कानावरून सरकवली.

"इथे गेलास तू तिच्याकडे," ती म्हणाली.

 दुसऱ्या कानात तिला गिटार ऐकू येत होती. ती थांबलेली नव्हती. बायकोने हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"मग तिच्याकडे कोण गेलं?"

"कोणी नाही."

ठकी गप्प का झाली, हे तिने विचारलं नाही. महिनोन्महिने त्या पोरीला उगी करणारी तीच होती, कोणी येईना म्हटल्यावर पोर रडणंच सोडून देते, हे तिला सांगावं लागत नव्हतं. कानाचंही त्याने सांगून टाकलं. "चांगला तू गिटारला ठेवलास," एवढंच ती म्हणाली. आरडाओरडा केला असता तर त्याला हायसं वाटलं असतं. ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने आईला फोन लावला.

ठकीची बॅग त्यानेच भरली. ती दाराशी टेकवली, आणि लगेच उचलून खुर्चीवर ठेवली.

मग तो स्टुडिओत बसायला लागला. आता दोन्ही कान झाकायला मोकळे होते. पहिल्याच दिवशी त्याने रेकॉर्डिस्टला पॅसेजचा आवाज गाण्यात घालायला सांगितला, आणि पोर रडायची थांबते तिथे गाणं कापायला. रेकॉर्डिस्टने त्याला वेड्यात काढलं. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वाजवलेलं त्यापुढेच होतं. शिवाय ऐकणाऱ्यांना वाटेल, यांची फाइलच बिघडली आहे.

"वाटू दे," गडगड्या म्हणाला, आणि रेकॉर्डिस्ट हात लावीना म्हणून त्याने स्वतःच कापलं. पुढचा भाग जपूनही ठेवला नाही. उरलेली गाणी त्याने झपाट्याने उरकली. वाजलं ते वाजलं, जरा बोट घसरलं तर घसरू दे, पुढे चल. एकेका स्वरावर दिवस घालवणारा हा माणूस असा घाईला आलेला रेकॉर्डिस्टने कधी पाहिला नव्हता. आपण अल्बमची वाट लावतोय असं त्याला अधूनमधून वाटायचं. तरी तो थांबला नाही.

काम संपलं त्याच्या दुसऱ्या सकाळी तो एकटाच बसने आजीकडे गेला. आजीने पाणी दिलं, प्रवासाचं विचारलं, आणि लेकीने सगळं सांगितलेलं असूनही जावयाला एका शब्दाने टोचलं नाही. ते त्याला जास्त लागलं. तो पेला खाली ठेवतोय तोच आतल्या खोलीत ठकी जागी झाली आणि रडायला लागली. आजी सवयीने उठली.

"आई, तुम्ही बसा. मी जातो."

"तुम्हाला बघून जास्तच रडेल हो. विसरली असणार आता."

तो आत गेला. ठकीने त्याच्याकडे पाहिलं, ओठ काढले आणि घर डोक्यावर घेतलं. त्याने तिला उचललं. ती पाठ ताठ करून, त्याला हातांनी ढकलत रडत राहिली. आजी दारात येऊन उभी राहिली, पण त्याने ठकीला तिच्या हातात दिलं नाही. ती बराच वेळ रडत होती आणि तो तिला घेऊन उभा होता.