सीटखालचं पिस्तूल

संजीव बोंद्रे हॉलंडमध्ये बाडहूव्हडॉर्पला आमच्या मागच्या गल्लीत राहतो. मूळचा भोसरीचा. विमानतळावरच्या एका कार्गो कंपनीत गोदामाचं सॉफ्टवेअर सांभाळायला बारा वर्षांपूर्वी तो इथे आला, बायको वीणा आणि चार वर्षांच्या गुंजनला घेऊन. त्याचा चढलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. गणपतीत आरतीची पुस्तकं वाटणं आणि कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या रचून ठेवणं ही कामं तो कोणी न सांगता करायचा. अशा माणसावर शस्त्राचा खटला चालला, हे आमच्यातल्या बऱ्याच जणांना अजून खरं वाटत नाही. मी कोर्टात मागच्या बाकावर बसलो होतो. हे लिहिण्याआधी मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "लिही. फक्त मला बिचारा करू नकोस."

तीन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरातली गोष्ट. दुपारी चारच्या सुमारास तो उट्रेख्टहून घरी येत होता. ऑफिसचा फोन आला म्हणून हायवेलगतच्या पार्किंगमध्ये गाडी थांबवली. बोलणं संपतंय तोच काचेवर टकटक झाली. बाहेर दोघं जण. एकानं पत्ता विचारायचा म्हणून मोबाइल पुढे धरला. संजीवनं काच खाली केली आणि दुसऱ्या क्षणी दार उघडलं गेलं. "उतर, उतर!" तो उतरायलाच निघाला होता, पण घाईत सीटबेल्ट निघेना. त्यांना वाटलं, हा अडून बसलाय. चाकू छातीकडे आला तेव्हा त्यानं डाव्या हातानं पातं धरलं.

गाडी गेली ती गेलीच. हाताचं दोनदा ऑपरेशन झालं, तरी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळहाताकडे वळलेली राहिली. ती सरळ होत नाहीत. शर्टाची बटणं वीणा लावून द्यायला लागली.

जबाब घ्यायला आलेल्या पोलीस बाईंना त्यानं विचारलं, "मी गाडीत स्वतःजवळ काय ठेवू शकतो?"

"फोन," त्या म्हणाल्या. "दारं आतून लॉक करायची. निघून जायचं. एकशे बाराला फोन लावायचा."

"मिरपुडीचा स्प्रे?"

"तो इथे बेकायदा आहे."

"साधा दांडका? बेसबॉलची बॅट?"

"तुम्ही बेसबॉल खेळता का? नसाल खेळत तर तेही शस्त्रच धरलं जाईल."

"आणि फोन लावायला त्यांनी वेळच दिला नाही तर?"

वाईट नव्हत्या त्या, असं संजीव अजूनही सांगतो. जाताना त्यांनी त्याच्या खांद्याला हात लावला होता. तीन महिन्यांनी पत्र आलं की पुरेसे धागेदोरे न मिळाल्यानं तपास थांबवला आहे.

नवी गाडी आली, पण संजीव बदलला. सिग्नलला उभा असताना शेजारून सायकल गेली तरी तो दचकायचा. वीणाला भाजी आणायला अल्बर्ट हाइन सुपरमार्केटमध्ये सोडलं की पार्किंगमध्ये गाडी चालूच ठेवायचा. हाऊसआर्ट्सनं, म्हणजे आमच्या इथल्या फॅमिली डॉक्टरनं, मानसोपचारासाठी नाव नोंदवलं. तिथे पाच महिन्यांची रांग होती. वीणा म्हणाली, "तोवर आपण भारतात जाऊन येऊ." तो म्हणाला, "तिथून परत यायचंच आहे ना."

त्याचा जुना सहकारी यतीन आइंडहोवनजवळ बेस्ट नावाच्या गावात राहतो. तिथून जर्मनी तासाभरावर. यतीननं सहज बोलता बोलता सांगितलं, की पलीकडे दुकानांत अलार्म पिस्तुलं मिळतात. गोळी सुटत नाही, नुसता आवाज होतो. अठरा वर्षं पूर्ण असली की विकत देतात. एका शनिवारी दोघं गेले. दुकानदारानं ओळखपत्र पाहिलं, पिस्तूल काउंटरवर ठेवलं. काळं, जड, हुबेहूब खरं. मग गाडीची नंबरप्लेट खिडकीतून पाहून तो म्हणाला, "इथे घरात ठेवायला चालतं. हॉलंडमध्ये चालत नाही. मी तुम्हाला सांगितलंय हं."

म्हणजे संजीवला माहीत होतं. नव्हतं माहीत असं तो कुणालाच, अगदी वकिलालाही, म्हणाला नाही.

वीणाला त्यानं सांगितलं नाही. पिस्तूल फडक्यात गुंडाळून ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवलं. आणि गंमत अशी, की त्याला बरं वाटायला लागलं. सिग्नलला तो शांत बसायचा. मानसोपचाराची तारीख आली तेव्हा त्यानं फोन करून सांगितलं, की आता गरज नाही.

हल्ल्याला सव्वा वर्ष उलटून गेलं होतं. मार्चमधला शनिवार. सकाळचे अकरा. गुंजनची हॉकीची मॅच आटोपून बापलेक घरी निघाले होते. चौदा वर्षांची गुंजन शेजारी बसून मैत्रिणीला मेसेज करत होती. पेट्रोल भरून झालं, संजीव पुन्हा गाडीत बसला आणि काचेवर टकटक झाली.

बाहेर विलेम नावाचे सदुसष्ट वर्षांचे गृहस्थ होते. निवृत्त शाळामास्तर. गुंजनच्या बॅगेचा पट्टा मागच्या दारात अडकून रस्त्यावर लोंबत होता, तेवढंच सांगायला आले होते. पट्टा कुठे आहे ते दाखवावं म्हणून त्यांनी हात मागच्या दाराकडे नेला.

संजीवच्या हातात पिस्तूल कधी आलं, हे त्याला आठवत नाही. काचेच्या आरपार, वीतभर अंतरावर, ते विलेम यांच्या चेहऱ्यावर रोखलेलं होतं. विलेम मागे झाले, पंपाच्या कट्ट्याला पाय अडला आणि ते कुशीवर पडले. हाड मोडल्याचा आवाज गाडीत ऐकू आला, असं गुंजन सांगते.

"बाबा, व्हॉट इज दॅट?" ती म्हणाली.

त्यानं पिस्तूल सीटवर टाकलं आणि धावत बाहेर गेला. अंगातलं जाकीट काढून त्यांच्या डोक्याखाली ठेवू लागला. "सॉरी, सॉरी" म्हणत राहिला. आणि तो म्हातारा माणूस, खुब्याचं हाड मोडलेलं असताना, कोपरांवर सरपटत त्याच्यापासून दूर जात होता.

"ते मला विसरता येत नाही," संजीव म्हणतो. "मी जवळ जायचो आणि ते लांब सरकायचे."

पोलिसांच्या दोन गाड्या आल्या. चौघांनी पिस्तुलं रोखली. "हांडन! हात दाखव! मुठी उघड!" असं डचमध्ये ओरडत होते. संजीवनं जाकीट टाकलं, हात वर केले. उजवा पंजा उघडला. डावा उघडेना. ती दोन बोटं वळलेलीच. समोरून बघणाऱ्याला मुठीत काहीतरी धरलंय असंच वाटणार. ओरडणं वाढलं. संजीवला डच कामापुरतं येतं. त्या घटकेला तेही येईना. तो नुसता उभा राहिला.

गाडीतून गुंजन ओरडली. पोलिसांना डचमध्ये, "त्यांचा हात तुटलाय! बोटं उघडत नाहीत! हातात काही नाहीये!" आणि बापाला मराठीत, जे ती घरी एरवी बोलतच नाही, "बाबा, हलू नको! खाली बस, गुडघ्यावर बस! हलू नको ना बाबा!"

तो बसला. त्याला पालथा पाडून बेड्या घातल्या. गुंजनला गाडीतून काढून एका पोलिसानं ब्लँकेटमध्ये गुंडाळलं.

दुपारी घराची झडती झाली. वीणानं दार उघडलं तेव्हा ती कणीक मळत होती. पीठ लागलेल्या हातांनी ती दिवाणखान्यात उभी राहिली आणि चार अनोळखी माणसं तिची कपाटं उपसत राहिली.

वकील बाईंनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं. "गोळी सुटत नाही हा मुद्दा सोडून द्या. खऱ्यासारखं दिसतं, त्यानं धमकावता येतं. इथल्या कायद्याला तेवढं पुरतं. गाडीत ठेवलंत हा एक गुन्हा, रोखलंत हा दुसरा."

"पण माझ्यावर हल्ला झाला होता."

"तेव्हा झाला होता. स्वसंरक्षणाला त्या क्षणीचा हल्ला लागतो, भीती पुरत नाही. पंपावर तुमच्यावर कोण चालून आलं होतं?"

न्यायाधीशांनीही जवळपास हेच विचारलं. "बोंद्रे, तो माणूस काय करेल असं तुम्हाला वाटलं?"

संजीव म्हणाला, "मी त्यांना पाहिलंच नाही. मला ते दोघं दिसत होते."

तुरुंगवास तहकूब ठेवला. एकशे ऐंशी तासांची समाजसेवा आणि सक्तीचे उपचार दिले. त्या मानानं सौम्यच, असं सगळे म्हणाले. पण विमानतळाचा पास रद्द झाला आणि पासाबरोबर नोकरी. तिघांनीही डच नागरिकत्वासाठी अर्ज केले होते. वीणाचा आणि गुंजनचा मंजूर झाला, त्याला शिक्षेनंतर पाच वर्षं थांबा म्हणून कळवलं. नगरपालिकेतल्या समारंभाला मी गेलो होतो. मायलेकी पुढे शपथ घेत होत्या आणि संजीव पाहुण्यांच्या खुर्च्यांमध्ये, डावा हात खिशात घालून, टाळ्या वाजवायच्या वेळी तसाच बसून होता. गुंजन त्याच्याशी बोलते, पण त्याच्या गाडीत बसत नाही. पाऊस असला तरी सायकलनं जाते.

आता तो घरी बसून एका छोट्या कंपनीचं काम करतो. शिक्षा भोगून झाल्यावर त्यानं विलेम यांना पत्र पाठवलं, मध्यस्थामार्फत. इथे गुन्हा करणारा आणि सोसणारा यांची गाठ घालून देणारे लोक असतात. आठ महिने उत्तर आलं नाही. मग आलं, की भेटतो.

एका वाचनालयाच्या खोलीत भेट झाली. विलेम काठी टेकत आले, बरोबर बायको. संजीवनं पाठ करून आणलेली चार वाक्यं म्हणायला सुरुवात केली. विलेम यांनी हात वर करून थांबवलं.

"मला एकच विचारायचंय. तुम्ही चाप ओढला होता का?"

हे त्याला कोणीच विचारलं नव्हतं. पोलिसांनी नाही, कोर्टानं नाही. वीणालाही ठाऊक नव्हतं.

"हो," संजीव म्हणाला. "ओढला होता. सेफ्टी लावलेली होती, म्हणून काही झालं नाही. मला ते नुसतं आवाजाचं आहे हेसुद्धा त्या वेळी आठवत नव्हतं."

विलेम यांच्या बायकोनं तोंडावर हात धरला. विलेम मात्र खुर्चीत मागे टेकले.

"बोट हललेलं मी पाहिलं होतं," ते म्हणाले. "सगळे सांगत होते, तुम्हाला भास झाला. डॉक्टर, मुलगा, हीसुद्धा. दीड वर्ष मला वाटतंय, आपलं डोकं फिरलंय."

मग ते उठले. बायकोनं कोट धरला, त्यांनी एकेक हात घातला. संजीव उभा राहिला, पण पुढे झाला नाही. दारापाशी विलेम थांबले आणि न वळता म्हणाले, "पुन्हा पत्र पाठवू नका."

त्या संध्याकाळी संजीवनं हे सगळं वीणाला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि गुंजनच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.