याकूतपुऱ्यातली आरशाची खिडकी

कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की मुबीनाचा पहिला हुकूम ठरलेला असायचा, "पंखे बंद करा." मे महिना असो, समोर त्या घरची सासू असो नाहीतर सासूची सासू, पंखा बंद म्हणजे बंद. धुळीचा एक कण खिडकीच्या ओल्या काचेवर बसला तर तो वर चिकटवलेल्या फिल्मखाली पुटकुळीसारखा कायमचा दिसत राहतो. एखादी बाई ओढणीनं वारा घ्यायला लागली तर मुबीना तिच्याकडेही डोळे वटारून बघायची.

याकूतपुऱ्यातल्या तळमजल्यावरच्या खिडक्या थेट गल्लीला लागून. पडदा ओढला तर जीव गुदमरतो, सारला तर भाजीवालासुद्धा विचारतो, आज डाळ आंबट का? त्यावर बाहेरून आतलं दिसू न देणारी फिल्म हाच उपाय, पण ती बसवणारे सगळे पुरुष. घरात बायकाच असताना त्यांना आत घ्यायचं कसं? काचेच्या दुकानात फोन उचलायला बसणाऱ्या मुबीनानं हे रडगाणं वर्षभर ऐकलं आणि एक दिवस स्वतःच हातात ब्लेड घेतलं. काचेवर साबणाचं पाणी फवारायचं, फिल्मच्या पाठीचा पापुद्रा सोलायचा, मग ती काचेवर सरकवून नीट बसवायची आणि रबरी पट्टीनं मधून कडेकडे पाणी लोटत न्यायचं. ऐकायला सोपं आहे, करून बघा म्हणजे कळेल. शेवटचा बुडबुडा कडेनं बाहेर पडला की मुबीनाला इतका आनंद व्हायचा की नऊ वर्षांनंतरही ती स्वतःच्याच कामाला "माशाल्ला" म्हणायची.

तिच्या एकतिसाव्या वर्षापर्यंत तीन स्थळं आली आणि तिन्ही एकाच ठेचेनं अडखळली. "लग्नानंतर हे काम बंद," ते म्हणायचे. "मग लग्नच बंद," मुबीना म्हणायची. तिची अम्मी कपाळ बडवून घ्यायची.

चौथ्या स्थळाच्या वेळी मात्र मुबीनाचं मन अडकलं होतं. सादिक लिफ्ट दुरुस्त करायचा. एका इमारतीत तिला फिल्मची गुंडाळी घेऊन चार मजले चढताना त्यानं पाहिलं आणि तिच्यासाठी लिफ्ट निम्म्या वेळात चालू करून दिली. पुढं फोनवर बोलणं झालं. "मला तुझ्या कामाचं काही नाही गं, पण अम्मीपुढं माझी जीभच उचलत नाही," तो म्हणाला होता. मुबीना हसली होती, पण त्या रात्री तिला झोप लागली नव्हती.

गेल्याच महिन्यात तिनं स्वतःच्या बैठकीच्या खिडकीला उरलेली आरशाची फिल्म लावली होती. दिवसा आतला दिवा बंद असला की आतून सगळी गल्ली दिसायची आणि बाहेरच्याला फक्त स्वतःचं तोंड. अम्मीनं टीव्ही बघणंच सोडून दिलं. दूधवाला मिशांना पीळ भरायचा, कॉलेजच्या पोरी स्कार्फ नीट करायच्या, समोरचे हाजीसाहेब रोज कवळी तपासायचे.

गुरुवारी दुपारी चार वाजता त्या खिडकीपुढं मुलगी बघायला आलेली सादिकची आई, कुलसूम बी, येऊन थांबली. सादिक गल्लीच्या तोंडाशी स्कूटर लावून मिठाई घ्यायला थांबला होता. कुलसूम बीनं नकाब वर केला, ओठाच्या कोपऱ्यातलं पान पुसलं, भुवया चढवल्या आणि आरशाला दरडावलं, "आमच्या घरच्या सुना बाटली-फडकं घेऊन गावभर फिरत नसतात!" खिडकीच्या वरच्या जाळीतून शब्दन् शब्द आत आला. तिला ते जमलं नसावं. तिनं पुन्हा म्हटलं, जरा सावकाश. मग एकदम स्वतःच्याच तोंडाकडं बघत पुटपुटली, "या अल्ला, हुबेहूब माझी सासू! त्या बाईनं माझं शिवणाचं मशीन विकायला लावलं होतं."

आत मुबीनाच्या अम्मीनं तोंडात ओढणीचा बोळा कोंबला होता. मुबीनाला मात्र हसू आलं नाही.

कुलसूम बी आत आली, दिवा लागला, खिम्याची लुख्मी आणि चहा पुढं झाला. दोन घोट होतात न होतात तोच तिनं भुवया चढवल्या. "बघ बेटी, आमच्या घरच्या सुना..."

"बाटली-फडकं घेऊन फिरत नसतात," मुबीना हळूच म्हणाली.

"हे तुला कसं कळलं?" कुलसूम बीनं कप खाली ठेवत विचारलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मुबीनालाही ठाऊक होतं. खिडकीबद्दल गप्प राहिली असती तर निभावलंही असतं. पण जिच्या घरात जन्म काढायचा तिला पहिल्याच दिवशी फसवायचं, हे तिला पटेना. तिनं उठून दिवा बंद केला. "खाला, जरा खिडकीशी या. रागवायचं असेल तर बघून झाल्यावर रागवा."

कुलसूम बी आली, तिनं बाहेर पाहिलं, मघाशी आपण उभ्या होतो ती जागा समोरच दिसली आणि तिचा चेहरा लालबुंद झाला. पण बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात खिडकीपुढं सादिक आला. हातात मिठाईचा डबा. त्यानं केसांवरून हात फिरवला, छाती फुगवली आणि आरशाला म्हणाला, "अम्मी, ती काम सोडणार नाही. सोडावं असं मलाही वाटत नाही." मग खांदे पडले. "अम्मी, म्हणजे, तुला चालत असेल तर..." त्यानं स्वतःलाच एक शिवी दिली आणि पुन्हा छाती फुगवली.

कुलसूम बी बघतच राहिली. "बाईगं, हा बोलतोसुद्धा? घरात तर मीठ हवं असलं तरी खुणेनं मागतो." तिचे डोळे भरून आले होते आणि ओठ हसत होते. तिनं जाळीकडं तोंड केलं. "सादिक! पहिलं वाक्य चांगलं होतं. तेच म्हण, आणि मान वर करून म्हण!"

बाहेर सादिक दचकून दोन पावलं मागं सरला. त्यानं वर पाहिलं, मागं पाहिलं, कुणी दिसेना. समोर स्वतःचंच घाबरलेलं तोंड. मिठाईचा डबा छातीशी धरून त्यानं मान वर केली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "अम्मी, ती काम सोडणार नाही!"

"हौ रे बाबा, नको सोडू दे!" कुलसूम बी आतून तेवढ्याच जोरात ओरडली आणि तिनं मुबीनाचा हात घट्ट धरला. समोरच्या हाजीसाहेबांनी, काही न कळता, "मुबारक हो" म्हणून टाकलं.