सगळ्यांना धरून

ऑफिसात तिला उत्तरबाई म्हणत. तोंडावर ताई, पाठीमागे उत्तरबाई, आणि तिला दोन्ही ठाऊक होतं. ती ज्या छोट्या कंपनीत होती तिथे एक कॉम्प्युटर गेम बनत असे, अंतराळातला. ताऱ्यांमधून जहाजं न्यायची, ग्रह वसवायचे, दुसऱ्याच्या ग्रहावर फौज उतरवून तो बळकावायचा. चांगली मोठी, संसारी माणसं रोज असले ग्रह घेत बसतात आणि अडलं की कंपनीला लिहितात. त्यांना उत्तरं देणं हे तिचं काम. नवरा गेल्यावर पत्करलेली नोकरी, हौसेची नव्हे. घरात ती आणि तिची थोरली नणंद, दोघींचं त्यावर भागायचं. नणंद दार उघडतानाच विचारायची, "आज किती मेले?"

हा विनोद उगीच नव्हता. निम्म्याहून जास्त तक्रारी एकाच गोष्टीच्या असत. ग्रह जिंकला की लोकसंख्येचा आकडा असा काही फिरायचा की खेळणाऱ्याला वाटावं, आपल्याला कुणी तरी लुटलं. चाळीस कोटींच्या ग्रहावर पाच कोटींची फौज उतरवली, लढाई जिंकली, आणि पडद्यावर काय, तर अठरा कोटी. चाळीस नाही, पंचेचाळीस नाही, अठरा. लोक शिव्या घालायचे आणि त्या बाईला वाचाव्या लागायच्या.

शेवटी ती गणित्याकडे गेली. गेममधली सगळी आकडेमोड लिहिली ती यानेच. तिच्याहून पुष्कळ लहान, वाद घातल्याशिवाय कुणाशी दोन वाक्यं न बोलणारा, पण तिला मानायचा. त्याने फळ्यावर मांडून दाखवलं. आधीच्या रहिवाशांपैकी निम्मे नवा अंमल मानत नाहीत, ते मोजणीत धरायचे नाहीत. उरले वीस. लढाईतून वाचलेले तीन कोटी सैनिक तिथेच घरं करतात, ते धरायचे. झाले तेवीस. पण तो ग्रह मानवायचा जुन्या मालकांना. नव्यांच्या प्रकृतीला तिथलं हवापाणी सोसत नाही, त्यांच्या हिशेबाने तिथे अठराच मावतात. म्हणून अठरा.

"वरचे पाच कोटी मेले?"

"नाही, ताई."

"पळाले?"

"नाही हो. धरले नाहीत, एवढंच."

"बरं, या अठरांत आधीचे किती?"

"ते गेम लक्षात ठेवत नाही. एकदा धरले की सगळे सारखेच."

त्यातून हल्ल्याआधी दिसणारा आकडा सगळ्यांचा आणि नंतरचा फक्त धरलेल्यांचा, आणि दोन्हींवर पाटी एकच: लोकसंख्या. बाईने त्याला तिथल्या तिथे झापलं. निदान शब्द तरी दोन वापर, म्हणाली. तो म्हणाला, तुम्ही शब्द शोधा, मी घालतो. ती शोधतच होती, तेवढ्यात कंपनी विकली गेली.

घेणारे मोठे होते. नवे साहेब आले, त्यांनी सगळ्यांना मधल्या खोलीत उभं केलं आणि गोड आवाजात सांगितलं की घाबरायचं काही कारण नाही. आज इथे साठ माणसं आहेत, वर्षअखेरीलाही सगळ्यांना धरून साठच असतील. टाळ्या पडल्या. एकेक शहाणी, शिकलेली माणसं, पण "धरून" कुणालाही टोचलं नाही. बाईला टोचलं. तिने तिथेच विचारलं, "सगळ्यांना म्हणजे आम्हाला, का तुमची येतील त्यांनाही धरून?"

साहेब हसले. प्रश्न छान आहे, म्हणाले. प्रश्न छान आहे असं म्हणणारा माणूस कधी उत्तर देत नाही. त्यांनी तिला नंतर आपल्या खोलीत बोलावलं, चहा मागवला, आणि तिची जागा पक्की असल्याचं सांगितलं. फक्त कुजबुज नको. तुमच्या तोंडून आलेलं लोक मानतात, तेव्हा कुणी विचारलंच तर संख्या कायम राहणार आहे एवढं सांगा. यात खोटं काहीच नाही.

खोटं नव्हतंच, तीच तर मेख होती. बाई हो म्हणाली. नणंदेचे गुडघे गेलेले, स्वतःची पन्नाशी उलटलेली, या वयात दुसरीकडे कोण दारात उभं करणार? खुर्चीपासून दारापर्यंत जाताना तिने ही सगळी कारणं स्वतःला ऐकवली. कारणं खरी होती. खरी कारणं हाताशी असली की माणूस काहीही करू शकतो.

आठवड्याभरात गणित्या तिला जिन्यात गाठून उभा राहिला. दुसऱ्या गावच्या कंपनीने त्याला बोलावलं होतं. बायकोला सातवा महिना, अशात बिऱ्हाड हलवायचं त्याच्या जिवावर आलं होतं. पण आत्ता नाही म्हटलं तर ती जागा हातची जाणार होती.

"ताई, तुम्ही साहेबांशी बोललात. खरं सांगा, जाऊ का?"

बाई म्हणाली, "संख्या कायम राहणार आहे म्हणतात."

दुसऱ्या कुणी असलं वाक्य ऐकवलं असतं तर त्याने ते उभं फाडलं असतं. तिच्या तोंडून आलं म्हणून मानलं. तिकडे नकार कळवला आणि मोकळ्या मनाने कामाला लागला.

त्याला मुलगी झाली. त्यानंतर साहेबांची माणसं यायला लागली, आधी एखाददुसरा, मग रांगच्या रांग. जुन्यांना एकेक करून खोलीत बोलावत. तुमचं काम आमच्याकडे आधीपासून दुसरा माणूस करतो, असं गणित्याला सांगितलं. वर्षअखेरीला माणसं बरोबर साठ भरली. साहेबांनी शब्द पाळला.

जायच्या दिवशी तो खांद्यावर पिशवी अडकवून तिच्या टेबलापाशी आला. त्याने आवाज चढवला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने हळूच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"नाही."

"मला वाटलंच," तो म्हणाला. वर, सांभाळून राहा, ही माणसं बरी नाहीत, असं बजावून गेला.

घरी तिने नणंदेला पहिल्यापासून सगळं सांगितलं, काही न लपवता. नणंदेने भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं.

"तू राहिलीस ना?"

"राहिले, वन्सं."

"मग आता माझ्यासमोर डोळे पुसू नकोस. रडायचं होतं तर त्या जिन्यात रडायचंस."

नणंद भाजी घेऊन आत गेली. बाईने डोळे पुसले आणि बसून राहिली. सकाळी पुन्हा तक्रारींचा ढीग असणार होता, आणि आकड्याचं अडलं तर विचारायला ऑफिसात आता कुणी नव्हतं.