बाबांनी सांगितलेले शेवट

आज दुपारी बाबांनी एका इटालियन नटाच्या मरणाची आंघोळ केली.

नाव लिहीत नाही. सकाळपासून तुमच्या फीडवर त्याचेच फोटो असतील.

माझी लेक जिन्यावरून ओरडली, "मम्मा, आजोबा इज टेकिंग अ सेकंड शॉवर. इज ही ओके?"

वर गेले तर बाबा ओल्या केसांनी पलंगावर बसलेले. वर एसी चालू.

"काय हे बाबा? सर्दी होईल ना."

"तो गेला," म्हणाले.

आमच्याकडे लांबच्या नात्यातलं कोणी गेल्याचं कळलं की डोक्यावरून पाणी घेतात, मान्य. पण हा कोण आमचा?

आधी त्या नटाची पोस्टात नोकरी, मग नाटकं, मग विनोदी सिनेमे. चाळिशीनंतर हरलेली माणसं अशी रंगवली की सगळं जग त्याचं झालं. हेही मान्य. पण त्यासाठी इथं परदेशात, आमच्या प्लेनो गावात आंघोळ?

खरं सांगते, माझं डोकंच फिरलं. आई गेली तेव्हा हा माणूस रडला नाही. दोन वर्षांत तिचं नाव काढलं नाही.

आणि माझ्या मनात एक जुनी गोष्ट होतीच.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर स्पष्ट म्हणाली होती, आता फार दिवस नाहीत. आईला इंग्रजी कळायचं नाही. तिनं बाबांकडे बघितलं.

बाबा म्हणाले, "आठवड्याभरात घरी सोडतील म्हणतेय."

मी तिथंच उभी होते. काही बोलले नाही.

चौथ्या दिवशी आई गेली. तिला कुणाचा निरोप घेता आला नाही, असं मी धरून चालले. यासाठी बाबांना माफ केलं नव्हतं. तोंडावर कधी बोलले नाही, एवढंच.

आज विचारलं, "कोण लागत होता तो तुमचा?"

तर बाबा बोलायला लागले. नागपूरची फिल्म सोसायटी. रविवारी सकाळी शो. त्याचे सगळे सिनेमे दोघांनी तिथं पाहिले. पडद्यावर इंग्रजी सबटायटल्स, आणि बाबा आईच्या कानात मराठीत सांगणार. पुढचे लोक वळून वळून बघायचे म्हणे.

"त्याचं सगळं बोलणं तिनं माझ्याच आवाजात ऐकलं," बाबा म्हणाले. "आणि शेवट मी बदलायचो."

"म्हणजे?"

"तिला फार रडू यायचं गं. तो घर सोडून निघाला की मी सांगायचो, भाजी आणायला चाललाय. मेला की सांगायचो, डोळा लागला."

मला हसू आलं. मग एकदम ते हॉस्पिटल आठवलं.

"आईला खरं वाटायचं?"

"छे. डोळे होते ना तिला. पहिल्याच सिनेमाला ओळखलं होतं. तरी दर वेळी विचारायचीच, काय झालं हो शेवटी?"

मग विचारलंच.

"आणि हॉस्पिटलमध्ये?"

बाबा टॉवेलची घडी घालत होते.

"तू ऑफिसचा कॉल घ्यायला बाहेर गेलीस ना, तेव्हा म्हणाली, आज काही सिनेमासारखं जमलं नाही हो तुम्हाला."

म्हणजे तिला माहीत होतं.

म्हणजे त्या दोघांचं बोलून झालं होतं. निरोप घ्यायची राहिले होते ती मी.

तो कॉल कशाचा होता, तेही आता आठवत नाही.

दोन वर्षांचा राग आहे, त्याचं काय करायचं मला कळत नाहीये. बाबा खाली टीव्हीसमोर बसलेत. मी इथं वर बसून हे टाइप करतेय. आधी त्यांच्याशी बोलायला हवं होतं बहुतेक.

सर, मी तुमचा एकही सिनेमा पाहिलेला नाही. आमच्या आईला तुम्ही फार आवडायचात.

ही श्रद्धांजली तुम्हाला की तिला, ते आज तरी सांगता येणार नाही. घ्या दोघं वाटून.