पन्नास पैशांच्या वर

लातूरचा नवा जिल्हा झाला तेव्हा मी नुकताच तलाठी झालो होतो आणि मला वाटायचं, सरकार म्हणजे मीच. पावसानं दगा दिला तशी ती मस्ती उतरली.

तालुक्याच्या बैठकीत साहेबांनी आडपडदा ठेवला नाही. सरकारवर कर्ज वाढलंय, खर्च कमी करा, वसुली वाढवा. "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" आम्ही माना डोलावल्या. या दोन्ही गोष्टी एकाच आकड्यावर चालायच्या. गावची पैसेवारी, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आलं त्याचा हिशेब, पन्नासच्या आत असली की शेतसाऱ्यात सूट आणि दुष्काळी कामं चालू. पन्नासच्या वर गेली की सारा वसूल, कामं बंद. आकडा किती ते साहेब बोलले नाहीत. "नीट बघून लावा," एवढंच म्हणाले. नीटचा अर्थ आम्हा सगळ्यांना कळला.

माझ्या गावात पाझर तलावाचं काम चालू होतं. निम्मं गाव तिथं माती टाकून जगत होतं.

पैसेवारी ठरवायच्या पीक कापणीला चिठ्ठीनं जे शेत निघालं, ते एका विधवा बाईचं. तीही त्याच तलावावर पाट्या उचलायची. नियम असा की ठरलेली पावलं मोजायची आणि जिथं येईल तिथलाच तुकडा कापायचा. मी मोजत पोचलो तो नुसत्या फुफाट्यात. वीतभर ज्वारी, कणसात दाणा नाही. बाई ओशाळली.

"हितं नका, भाऊसाहेब. तिकडं हिरीपाशी चला की. तिथं लई चांगली हाय."

तिला शेताची लाज वाटत होती. पाहुण्याला करपलेली भाकरी कोण वाढतं? मला नियम तोंडपाठ होता, तिला समजावायला दोन वाक्यं पुरली असती. मी खुंट्या उपटल्या आणि विहिरीपाशी ठोकल्या. तिनं हौसेनं स्वतः कापणी केली, मळणी केली, वजन झाल्यावर कागदावर अंगठा दिला आणि मला गुळाचा चहा पाजला. मी तो प्यालो.

पैसेवारी पन्नासच्या वर गेली. पंधरा दिवसांत तलाव बंद पडला आणि मी साऱ्यासाठी दारोदार फिरू लागलो. माणसं पोरंबाळं घेऊन नांदेडकडं, विष्णुपुरीच्या धरणाच्या कामावर निघून गेली. साहेबांनी माझी पाठ थोपटली. त्या साऱ्यानं सरकारचं कर्ज किती फिटलं असेल? दात कोरून कुणाचं पोट भरलंय?

ती बाई अजून येते. भर दुपारी, मी जेवायला बसलो की दाराशी उभी राहते. बायको विचारते, कुणाकडं बघताय? मी सांगत नाही. मला तिची भीती वाटते.

खरोखरची ती एकदाच आली होती, चावडीवर.

"भाऊसाहेब, माझ्यामुळं काम बंद झालं म्हनायलेत समदे. खरं हाय का?"

मी दप्तरात डोकं घातलं. "आता बोलून काय उपयोग?"

"मग त्या कागदावरचा माझा अंगठा तेवढा पुसा."

"पुसता येत नाही."

ती चावडीची पायरी उतरली. मग पारावर जाऊन तिनं सगळ्या गावापुढं हात जोडले आणि माफी मागितली. चावडीतून सगळं दिसत होतं. मी उठलो नाही.